वंदनाताईंनी घेतलेलं समुद्राचं सामान

आमच्या पोहण्याच्या पूलवरचा बायकांचा सकाळचा गट दोन वर्षांपूर्वी मालवणला गेला होता. वंदनाताई रामटेके त्या गटातल्याच. नागपूरजवळ कोराडीला वीज केंद्राच्या वसाहतीच्या फाटकासमोर एक औषधाचं दुकान आहे, तिथं त्या काउंटर सांभाळतात. गुडघ्यानं त्रास द्यायला सुरुवात केली तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि चाळिशी ओलांडून पाण्यात उतरलेली ही बाई वर्षभरात आम्हा सगळ्यांच्या पुढे निघून गेली. त्यांना लांब पोहण्यापेक्षा तळाशी बसून राहायला आवडायचं. "वर आलं का गुडघा आठवते," म्हणायच्या.

मालवणला प्रशिक्षकांनी पाठीवर हवेची टाकी बांधून एकेकीला धरून बोटीवरून समुद्राखाली नेलं. वर आलेली प्रत्येक जण ओरडत होती. हा मासा पाहिला, तो मासा पाहिला. ताई एवढंच म्हणाल्या, "छान होतं."

परतीच्या गाडीत माझा बर्थ त्यांच्यासमोर होता. बाकीच्या झोपल्यावर त्या पुढे झुकून म्हणाल्या, "खरं सांगू का वं? मले काहीच नाही दिसलं."

"म्हणजे?"

"चष्मा बोटीतच काढून ठेवावा लागला. माझा नंबर सात. खाली नुसतं हिरवं हिरवं. तुम्ही साऱ्या मासे मासे करून राहिल्या, तर मी बी हो म्हटलं."

मला फार वाईट वाटलं. त्यांना मात्र वाईट वाटलेलं नव्हतं. "तरी मी परत जाईन," त्या म्हणाल्या. "श्वास घेतला का वर, सोडला का खाली. आपल्या अंगाले वजनच नाही. असं मले जन्मात वाटलं नव्हतं."

नागपूरला आल्यावर त्यांनी मालवणच्या स्कूबा डायव्हिंगच्या केंद्रात फोन लावला. पूर्ण कोर्स करायचा होता. तिथल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं, की टाकी आणि खाली राहण्यासाठी कमरेला बांधायची वजनं भाड्यानं मिळतात, ती कुणीच विकत घेत नाही. पण एवढ्या नंबरच्या काचांचा, डोळ्यांवर लावायचा मास्क भाड्यानं मिळत नाही, आणि ताईंच्या मापाचा रबरी सूटही नाही. मागच्या वेळी त्यांच्या सूटची चेन पाठीवर अर्धी उघडीच राहिली होती. "पैसे थोडे असतील तर पहिले मास्कवर घाला," त्या बाई म्हणाल्या. ताईंनी सहज म्हणून नव्या पूर्ण संचाची किंमत विचारली. ती ऐकून फोन ठेवून दिला. तेवढ्या पैशांत एक दुचाकी आली असती.

त्यांचे यजमान नागसेनभाऊ वीज केंद्राच्या कर्मचाऱ्यांची बस चालवतात. त्यांनी ऐकलं आणि हसू दाबत म्हणाले, "काहून वं, नागपुरात समुद्र कुठी हाये? अंबाझरी तलावात डुबकी मारशील का?"

"तुमी बस चालवता तर रस्ता काय घरी आणून ठेवता का?" ताई म्हणाल्या. मग दोघंही हसले. सोफ्यासाठी म्हणून भिशी लावली होती. त्या वर्षी सोफा आला नाही.

जुना संच विकायचा असल्याचं आम्हाला एका व्हॉट्सॲप गटातून कळलं. विकणारी दामिनी, मिहानमधल्या एका कंपनीत काम करणारी, तिशीतली मुलगी. खापरीला तिच्या फ्लॅटवर आम्ही तिघं गेलो, ताई, नागसेनभाऊ आणि मी. तिनं पलंगाखालून एक मोठी जाळीची पिशवी ओढून काढली. मास्क, पायातली वल्ह्यासारखी फिन्स, हवा भरायचं जॅकेट, सूट आणि तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर, नळ्यांसकट. सगळं टाल्कम पावडर लावून ठेवलेलं.

"किती वेळा वापरलं?" भाऊंनी विचारलं.

"एका ट्रिपला," दामिनी म्हणाली. "सर्दी होती, तरी उतरले. कानाचा पडदा फाटला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी आता कायमचं बंद सांगितलंय." ती हे अगदी सरळ आवाजात बोलली, पण बोलताना मास्कचा पट्टा विनाकारण घट्ट-सैल करत होती.

ताईंना मास्क आणि फिन्सच हवे होते. दामिनीनं मान हलवली. "सुटं नाही देणार, मावशी. तीन जण येऊन गेले. एकाला फक्त जॅकेट पाहिजे होतं, एकाला शो-केसमध्ये ठेवायला मास्क. तुम्ही खरंच उतरणार असाल तर सगळं घ्या. पैसे किती आहेत ते सांगा."

ताईंनी भिशीची रक्कम सांगितली. मला वाटलं, आता उठावं लागणार. दामिनीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "त्यातले थोडे तुमच्याकडंच ठेवा. रेग्युलेटर दोन वर्षं पडून आहे. गोव्याला सर्व्हिसिंगला पाठवल्याशिवाय तोंडात धरायचा नाही."

भाऊ मघापासून त्या रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघत होते. "चालून तर राह्यला ना," ते म्हणाले.

"काका, बसचे ब्रेक असेच फुंकून पाहता का?"

भाऊंनी रेग्युलेटर हळूच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्याचं पार्सल बांधलं. गोव्याच्या दुकानदारानं एक नळी चिरली असल्याचं कळवलं आणि ती बदलली.

मास्कच्या काचा सुट्या निघणाऱ्या होत्या. सीताबर्डीतल्या चष्मेवाल्यानं असला मास्क आयुष्यात हाती धरला नव्हता, पण फोटो पाठवत, चौकशा करत त्यानं पुण्याहून नंबरच्या काचा मागवल्या. बसवून झाल्यावर ताईंना भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. मास्क घातलेली बाई मोठ्यानं अक्षरं वाचते आहे हे बघायला शेजारच्या दुकानातली माणसं आली. बसवण्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत. "आधी मासे पाहून या, मग सांगा दिसले का," म्हणाला.

राहिला सूट. दामिनी सडपातळ, ताई भरलेल्या अंगाच्या. इतवारीत रंभाबाई म्हणून आहेत, बॅगा दुरुस्त करतात, चेन बसवतात. ताईंनी तो सूट त्यांच्यापुढे ठेवला. रंभाबाईंनी तो बोटांनी चिमटून पाहिला, ताणला, उलटा केला.

"हे कोणाची कातडी आणली वं?"

पाण्यातला पोशाख आहे म्हटल्यावर त्यांनी मागच्या ढिगाऱ्यातून लॅपटॉपची जुनी कव्हरं काढली. तेच मऊ, स्पंजासारखं रबर. दोन्ही बगलांखालून मांडीपर्यंत त्यांनी त्याच्या पट्ट्या घातल्या. आधी चिकटवलं, मग बारीक टाके. डाव्या पट्टीवर कुठल्याशा कंपनीचं अर्धं नाव राहून गेलं. ताईंनी तिथंच पडद्यामागं सूट घालून पाहिला. चेन मानेपर्यंत सरकली तेव्हा रंभाबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "घे, आता फुगली तरी फाटत नाही."

मग दर रविवारी दुपारी पूल रिकामा असताना सराव. टाकी नाही, फक्त मास्क आणि फिन्स. दामिनी काठावर खुर्ची टाकून बसायची आणि हातांच्या खुणा शिकवायची. ठीक आहे, वर चला, हवा कमी आहे, कान दुखतोय. कानाची खूण ती पुन्हापुन्हा करायला लावायची. "थोडं जरी दुखलं तरी थांबायचं. लाजायचं नाही." तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून खापरीहून यायची, तेही कडक उन्हात.

नोव्हेंबरात ताई मालवणला कोर्सला गेल्या. मी सोबत होते. पूलमधले दिवस, लेखी परीक्षा, सगळं झालं आणि शेवटी समुद्र. शिकवल्याप्रमाणे त्या पाठमोऱ्या पाण्यात पडल्या. मी बोटीवरून त्यांचे बुडबुडे बघत राहिले.

वर आल्या तेव्हा मास्क कपाळावर न सरकवता तसाच ठेवून त्या बोलू लागल्या. पिवळे-काळे पट्टेवाले मासे इतके जवळ आले की हात लावावा. एक निळा-हिरवा मासा चोचीनं खडक खरवडत होता. "त्याचा आवाज येते वं! कर्र कर्र. कोणी सांगितलंच नव्हतं मले." एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. प्रशिक्षिका घाबरली. ताईंनी लगेच बोटांनी ठीक असल्याची खूण केली आणि रडतच राहिल्या.

जेटीवर येताच त्यांनी दामिनीला फोन लावला. तिनं पहिलं विचारलं, "कान?"

"कान मस्त हाये, पोरी." मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. दामिनी मधे मधे विचारत होती, किती खोल, पाणी किती स्वच्छ होतं, कासव दिसलं का. बोलणं लांबत गेलं, तरी दोघींपैकी कोणी फोन ठेवायला तयार नव्हती.

नागपूरला परतल्यावर ताई कोकमं आणि सुके बोंबील घेऊन घरोघर फिरल्या. चष्मेवाला शाकाहारी निघाला, त्याला कोकमंच मिळाली. रंभाबाईंनी बोंबलांची पुडी हुंगली आणि विचारलं, "टाके उसवले तर नाही ना?"

मागच्या हिवाळ्यात ताई पुन्हा गेल्या, तेव्हा दामिनी आणि नागसेनभाऊही बोटीत होते. भाऊंना बोट लागली, ते तळहातावर लिंबू घासून हुंगत बसले. ताईंच्या पाठीवर टाकी चढवायला दामिनीनं मदत केली, जॅकेटचे पट्टे ओढून बघितले, नळी सरळ केली. ताईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. काही बोलायचं असावं, पण तोंडात रेग्युलेटर होता. मग त्या पाण्यात गेल्या, आणि दामिनी कठड्यावर हनुवटी टेकून कितीतरी वेळ खाली बघत राहिली.