दुधाच्या दाढेचा पू

"तोंड उघड. अजून उघड."

बाईंनी लाकडी पट्टीनं माझा वरचा ओठ वर केला. पाचवीचा अख्खा वर्ग माझ्यासमोरून रांगेनं गेला. एकेकानं थांबून माझ्या तोंडात बघायचं, असा हुकूम. शाळेत स्वच्छता सप्ताह होता आणि नमुना मी होते. माझी वरची नवी दाढ उगवली तीच तपकिरी, खड्डे पडलेली.

"यांच्यात दात घासायची पद्धतच नाही," बाई म्हणाल्या. "आया मिसरी लावतात, पोरी तेच उचलतात."

लाळ हनुवटीवरून फ्रॉकवर गळत होती. पुसायला हात वर केला तर पट्टी बसली.

मी रोज घासत होते. राखुंडीनं, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर. पण बाई खोटं कशाला बोलतील? सुरतेत सगळीकडे गुजराती. त्यात आमची ही एक मराठी शाळा आणि आमच्या भाषेत बोलणाऱ्या या बाई. मला त्या आपल्या वाटायच्या. घरी आले आणि मायची मिसरीची डबी गटारीत फेकली. "तुझ्यामुळे माझं तोंड नासलं," म्हणाले. माय साड्यांना टिकल्या चिकटवत बसली होती. ती पुढची टिकली चिकटवत राहिली.

पुढं ती दाढ गार पाण्यानं ठणकायला लागली. माय मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दाढ बघून मायला विचारलं, "आनी दूधनी दाढ सडी हती? परु थयुं हतुं?" माय म्हणाली, हो, पू झाला होता. मग त्यांनी समजावलं. दुधाच्या सडक्या दाढेच्या मुळाशी पू झाला. तिथंच नवी दाढ तयार होत होती, तिचं कवच त्या पुवानं बिघडवलं. हा मळ नाही, घासून जायचा नाही. मिसरीचा संबंध नाही. इलाज तेव्हाच व्हायला हवा होता.

माय खुर्चीचा हात धरून उभी राहिली. "बाईनीच सांगेल व्हतं," ती म्हणाली. "दूधनी दाढ शे, पडी जाई म्हनीसन."

मग मलाही आठवलं. पहिलीत माझा गाल सुजून डोळा मिटला होता. माय दवाखान्यात न्यायला वर्गापर्यंत आली होती. शाळेतल्या ह्याच बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "दुधाची दाढ आहे, पडेल. एवढ्यासाठी शाळा बुडवायची? तुम्हा लोकांना निमित्तच हवं." शिकलेल्या बाईचा शब्द. माय हात जोडून परत गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा सप्ताह आला. "ये गं, दाखव," म्हणत बाईंनी पट्टी उचलली.

मी पट्टी धरली. सोडली नाही.

"ही दाढ तुमच्यामुळे नासली. माझ्या मायला तुम्ही दारातून परत पाठवलं होतं. पाठवलं होतं की नाही?"

बाईंचे कान लाल. "माफी माग, नाहीतर वर्गाबाहेर."

मी बाहेर गेले. तीन दिवस व्हरांड्यात उभी राहिले. चौथ्या दिवशी मायला बोलावणं गेलं. बाईंना वाटलं, ही पुन्हा हात जोडेल. मायनं हात पदराखालीच ठेवले.

"माफी नही," ती म्हणाली. "पोर खरं बोलनी."

आता घरातले म्हणतात, दाढेवर टोपी बसवून घे. मी नाही बसवत. कुणी विचारलं तर माझ्याच बोटानं ओठ वर करून दाखवते आणि बाईंचं पहिलीपासून सांगते. त्यांना मी माफ केलेलं नाही. करणार नाही. त्यांच्या शब्दावर मी माझ्या मायवर उलटले होते.