पांढऱ्या पायांचा मामा

माझा मामा जिथे कामाला लागतो तिथे कुलूप लागतं, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं. आधी सूतगिरणी बंद पडली. मग रेडिओचा कारखाना. मग टाइपरायटरचा. आता लोकांनी टाइपरायटर भंगारात काढले यात माझ्या मामाचा काय दोष? पण नातेवाईक कसले ऐकतात! त्यांनी मामाला पांढऱ्या पायाचा ठरवून टाकलं आणि मोकळे झाले.

मामा वरवर हसण्यावारी न्यायचा. “जुने धंदे मिटवायला कोणीतरी नको का?” म्हणायचा. पण प्रत्येक कुलपानंतर तीच वणवण. सकाळी डबा घेऊन निघायचं आणि दारोदार काम विचारायचं. कधी गोदामात पोती उचलली, कधी परक्यांच्या भिंती रंगवल्या. मामी घरी शर्टांना गुंड्या लावायची. एकच खोली, त्यात शर्टांचे गठ्ठे. पाहुणा आला की आधी गठ्ठे हलवायचे, मग पाहुण्याला बसवायचं. “आमच्याकडे कपड्यांना तोटा नाही,” मामी म्हणायची, “फक्त ते आमचे नाहीत.” तेलाची बाटली मात्र फळीवर कायम उलटी टेकवलेली असायची, शेवटचा थेंब उतरावा म्हणून.

खरा घाव घातला माझ्या वडिलांनी. त्यांनी वह्या-पेनांचं दुकान उघडलं त्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला. वडील दारातच आडवे आले. “दादा, राग मानू नका. आजचा दिवस बाहेरच थांबा. उद्या या सावकाश.”

“हो हो, बरोबर आहे तुमचं,” म्हणत मामा पायरीखाली उभा राहिला. आई आत जाऊन रडली. मामाचा तो उद्या कधी उजाडलाच नाही. पुढे काही लागलं तर तो पायरीखालूनच मागायचा. मला तेव्हापासून वडिलांचा राग होता आणि तो मी कधी लपवलाही नाही.

चाळिशी उलटल्यावर मामाला चिनी मातीच्या कपबश्यांच्या कारखान्यात काम मिळालं. काम कपांना कान लावायचं. ओला कप, ओला कान, मध्ये पातळ मातीचा थेंब आणि अंगठ्याचा दाब. “आजवर ज्याने त्याने माझे कान उपटले,” तो म्हणाला, “आता मी लावत बसतो.” त्या मातीची भुकटी सगळीकडे उडायची. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत पांढरे. बाकीचे तसेच घरी जात. मामा मात्र नळाखाली विटेच्या तुकड्याने टाचा घासत बसायचा. लोकांना आयतं कोलीत कशाला द्या, म्हणायचा.

एकदा मी त्याला विचारलं, “मामा, तुला काय हवंय रे?” वाटलं, घर म्हणेल.

“चालू कारखान्यातून म्हातारा होऊन बाहेर पडायचंय,” तो म्हणाला. “मागे धूर निघतोय, फाटक उघडं आहे आणि मी चाललोय घरी. आजवर नोकरी गेल्याचं मला दरवेळी कुलूप बघूनच कळलंय गं.”

काही वर्षं बरी गेली. मग एक दिवस जेवताना मामा म्हणाला, “कारखान्याच्या संडासातला दिवा गेलाय. आठवडा झाला, नवीन लावलेला नाही.” मामीच्या हातातला घास हातातच राहिला. गिरणीत अशीच सुरुवात झाली होती. रेडिओच्या कारखान्यातही.

या वेळी मात्र मामा कुलपाची वाट बघत बसला नाही. तो थेट मालकाकडे गेला. मालक वाईट नव्हता, थकला होता. त्याचे सोनेरी काठांचे सेट खपत नव्हते. महिनाअखेरीस भट्टी विझवणार, असं त्याने कबूल केलं. ती भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवायची असते. एकदा थंड झाली की आतल्या विटा तडकतात आणि सगळी नव्याने बांधावी लागते. भट्टी विझली की कारखाना मेला, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

“साहेब,” मामा म्हणाला, “बंद कारखाना विकाल तर पत्रे आणि विटा विकाल. त्यापेक्षा आम्हाला भाड्याने द्या. आम्ही चालवतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“ते उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे वाळवणाच्या खोलीत जमले. मामाचं म्हणणं पटत होतं, माना डोलत होत्या. तेवढ्यात भट्टीवाला उठला. “मामा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही यात पुढे नको. तीन ठिकाणं झाली तुमची. पांढऱ्या पायाचा माणूस पुढे घालून धंदा करायचा म्हणजे...” बाकीचे खाली बघू लागले.

मामा सांगतो, त्या क्षणी त्याला वाटलं होतं की निघून जावं आणि पोती उचलावी. पण गेला असता तर भट्टी विझली असती. तो बाकावर बसला, चपला काढल्या आणि दोन्ही पाय वर धरले.

“आहेत बाबा. पांढरे आहेत. आता तुमचे दाखवा.”

कोणाला काही कळेना.

“काढा की चपला! ज्याचे पाय काळे असतील त्याने पुढे व्हावं. मी उभा राहतो त्याच्या मागे.”

आधी कपांच्या पेट्या भरणाऱ्या बाईने चपला काढल्या आणि फिस्सकन हसली. मग एकेकाने काढल्या. वाळवणाची सगळी खोली पांढऱ्या पायांनी भरली. शेवटी भट्टीवाल्याने पँट वर केली, तर तो गुडघ्यापर्यंत पांढरा! मग जो हशा उसळला, तो म्हणे मालकाच्या खोलीपर्यंत ऐकू गेला.

कारखाना त्यांनी घेतला. सोनेरी काठ बंद केले आणि कॅन्टीन, इस्पितळांसाठी जाड बुडाचे कप काढले. पहिलं वर्ष जीव काढणारं होतं. पगार निम्मे, मामीच्या गुंड्या पुन्हा सुरू. दोनदा भट्टी विझता विझता राहिली, भट्टीवाला तिच्याजवळच पथारी टाकून होता. ज्या दारांवर मामाने कधी काम मागितलं होतं, त्याच दारांवर तो आता पिशवीत कप घेऊन जाऊ लागला. साहेबासमोर कप जमिनीवर टाकायचा आणि न फुटलेला उचलून दाखवायचा. एकदा फुटला. “हा दुसऱ्या कारखान्याचा दिसतोय,” असं म्हणून पठ्ठ्याने लगेच दुसरा टाकला! माल खपला. संडासात नवा दिवा लागला, तो मामाने स्वतः लावला.

मामा निवृत्त झाला त्या संध्याकाळी आम्ही सगळे फाटकाबाहेर उभे होतो. तो आला. आज पाय धुतले नव्हते. फाटकातून बाहेर पडून त्याने मागे वळून पाहिलं. धुराड्यातून धूर निघत होता, आत दुसऱ्या पाळीचे लोक कपांना कान लावत होते. पहारेकरी गमतीने ओरडला, “मामा, फाटक लावून घेऊ का?”

“खबरदार!” मामा एवढ्या जोरात गरजला की मामी दचकली. मग हसता हसता रडला. आम्हीही रडलो, लाजायचं काय त्यात?

घरी जाताना वाटेत वडिलांचं दुकान लागलं. मामा सवयीने पायरीखाली थांबला. वडील आतून धावत आले. ते आता थकले होते. “दादा, आत या,” एवढंच म्हणाले.

मामाने खाली पाहिलं. “पाय पुसून येतो.”

“नको,” वडील म्हणाले. “तसेच या.”

मामा आत गेला. दारापासून गल्ल्यापर्यंत त्याची पांढरी पावलं उमटली. निघताना मी सवयीने झाडू उचलला, तर वडिलांनी तो माझ्या हातातून काढून कोपऱ्यात ठेवून दिला.