चौथा वॉशर

बातमी आली तेव्हा मी गुहागरला बहिणीकडे होते. तिच्या नातवाची मुंज आदल्या दिवशी झाली होती, मांडव अजून उतरवायचा होता, आणि आम्ही दोघी मागच्या आगरात केळीच्या पानांचे ढीग आवरत होतो. शेजारच्या शिर्केबाईंचा फोन आला. "वैनी, तुमी निघाच आता," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांनाच रडू फुटलं. पुढचं विचारावं लागलं नाही. माझे दीर, अनंत भाऊजी, दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नव्हते. हेदवीवरून तवसाळला आले, फेरीबोटीत उभी राहिले. समोरचं जयगड हळूहळू जवळ येत होतं आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं… या माणसाला निरोप द्यायला मी तरी वेळेवर पोहोचले पाहिजे. सव्वीस वर्षांपूर्वी सख्ख्या भावाच्या वेळी त्यांना पोहोचता आलं नव्हतं.

भाऊजी जहाजावर इंजिनियर होते. माझे यजमान प्रकाश हे त्यांचे मोठे भाऊ, इथेच रत्नागिरीत कॉलेजात शिकवायचे. दोघांच्या स्वभावात काडीचं साम्य नव्हतं. हे बोलके, घाईचे, कशातही उडी घेणारे. भाऊजी मोजून बोलणारे. दोघांना जोडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाड्या. गावातल्या एका बंद बंगल्याच्या आवारात, फणसाखाली, पाचोळ्यात बुडालेली एक जुनी स्पोर्ट्स कार ह्यांना सापडली. दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, लाल रंगाची, इंग्लंडात बनलेली. मालकाच्या वारसांना ती कटकट वाटत होती आणि ह्यांना स्वर्ग. बैलगाडीला बांधून ती आमच्या दारात आली तेव्हा आमची मुग्धा सहा वर्षांची होती. ती टाळ्या पिटत होती आणि मी कपाळाला हात लावून उभी होते. भाऊजी सुट्टीवर आले आणि दोन महिने दोघे भाऊ घराच्या पाठच्या चिऱ्याच्या गॅरेजात गाडून घेतल्यासारखे राहिले. जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. टॉवेलांना ग्रीस, भांड्यांना ग्रीस, मुग्धाच्या वेणीलासुद्धा ग्रीस.

गाडी रस्त्यावर आली ती भाऊजींची सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी. रत्नागिरी स्टेशन घरापासून जवळ, पण ह्यांनी ठरवलं की अनंतला संगमेश्वरला नेऊन आगगाडीत बसवायचं. तेवढीच दोघांची एक सफर. पहाटे नाही, चांगलं ऊन वर आल्यावर निघाले. मी दारात उभी होते. मुग्धाने हात हलवला. संगमेश्वरला भावाला आगगाडीत बसवून हे एकटे परत यायला निघाले आणि बावनदीच्या उतारावर, वळणाशी, गाडी कठडा सोडून खाली गेली. ब्रेक लागले नाहीत, असं मागून येणाऱ्या टेंपोवाल्याने सांगितलं.

बातमी मुंबईला पोहोचेपर्यंत भाऊजी जहाजावर चढले होते. त्यांना निरोप मिळाला तो कुठल्याशा परक्या बंदरात, पंधरा दिवसांनी. आले ते सहा महिन्यांनी. दारात चपला काढून उभे राहिले आणि मी पाण्याचा तांब्या पुढे केला तरी त्यांना तो घेता येईना. ब्रेकचं काम त्यांच्या हातचं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मोडलेली गाडी मी भंगारात देणार होते. त्यांनीच पत्राने कळवलं होतं, 'तिला कोणी हात लावू नये.' म्हणून ती गॅरेजात ताडपत्रीखाली पडून राहिली. भाऊजींनी लग्न केलं नाही. सुट्टीवर आले की आवारातल्या बाजूच्या घरात राहायचे, जेवायला माझ्याकडे यायचे. मुग्धाला त्यांनी पोहायला शिकवलं, गणित शिकवलं. आणि आमच्या आवारात जी दुचाकी, जी गाडी येईल, मग ती पाहुण्याची असो की दूधवाल्याची, तिचे ब्रेक ते दाबून बघायचे. पाहुणे हसायचे. "अनंतराव, आरटीओत होतात काय?" भाऊजीही कसनुसं हसायचे. मी आत निघून जायचे.

मी आत का निघून जायचे, ते सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला बसले आहे.

निवृत्त होऊन आल्यावरही कित्येक वर्षं त्यांनी ती ताडपत्री काढली नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की हृदय दमलंय, जपून राहा. त्या दिवाळीत, भाऊबीज झाल्यावर, ते पडवीत येऊन म्हणाले, "वहिनी, गाडी उघडतोय. तुमची हरकत नाही ना?" मी म्हटलं, "आता कशाला हो ते?" तर म्हणाले, "बघायचंय मला एकदा." काय बघायचंय, ते मी विचारलं नाही. आमच्याकडे असलं काम करायचं तर ते दिवाळी ते शिमगा. पावसाळ्यात पुट्टी सुकत नाही, रंगावर पांढरी झाक येते, घासलेला पत्रा सकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतो. थंडीचे तेवढे चार महिने कोरडे. सकाळी सात वाजता गॅरेजाचा दरवाजा फरशीवर खरखरायचा आणि मग दिवसभर पत्र्यावर लाकडी हातोडीचे बारीक बारीक ठोके. चेपलेला पत्रा ते आतून ठोकून उचलत होते. प्रत्येक ठोका माझ्या मणक्यातून जायचा. मी रेडिओ मोठा करायचे. गॅरेजात मात्र मी पाऊल टाकलं नाही. चहासुद्धा बाहेरच्या दगडावर ठेवून हाक मारायचे.

पौषात, आंब्यांना मोहर धरला होता तेव्हाची गोष्ट. मी मागच्या पडवीत वालाच्या शेंगा सोलत होते. भाऊजी आले आणि समोर उकिडवे बसले. त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर तांब्याची एक लहानशी चकती होती, काळवंडलेली, मधे भोक असलेली.

"ब्रेकच्या नळीच्या जोडाखालचा वॉशर," ते म्हणाले. "प्रत्येक चाकाला एक. जोड उघडला की दर वेळी नवा घालायचा, नाहीतर जुना तापवून मऊ करून घ्यायचा. तीन मी नवे घातले होते, ते पक्के आठवतंय. चौथ्याचं आठवत नव्हतं. सव्वीस वर्षं आठवतोय, वहिनी… त्या संध्याकाळी घाई होती, दादा हाका मारत होता, चौथा मी बदलला की जुनाच बसवला? बोटीवर इंजिनपाशी उभा असलो ना, तरी उजव्या पायाखालचं पेडल खाली खाली जातंय असं वाटायचं."

त्यांनी चकती उन्हाकडे तिरकी धरली. "हे बघा, दोन चरे आहेत. एक जुना, एक नवा. दोनदा बसवलेला आहे. जुनाच. न तापवता. त्याच्यातून ब्रेकचं तेल पाझरत गेलं." मग ते म्हणाले, "मीच, वहिनी."

मी शेंगांच्या सुपाकडे बघत राहिले आणि म्हटलं, "जेवायला बसा. आमटी निवतेय."

हे माझ्या तोंडून गेलेलं वाक्य आहे. सत्तरी गाठलेल्या, जन्मभर शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या बाईच्या तोंडून. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजाचा दरवाजा वाजला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस आवारात चिडीचूप. जे ठोके मला सहन होत नव्हते, त्यांच्यासाठी माझे कान आसुसायला लागले. शिर्केबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अनंतराव बरे हायत ना वो? दिसले नाय ते." मी म्हटलं, बरे आहेत. नवव्या दिवशी मी पदर खोचला आणि गॅरेजात गेले. भाऊजी गाडीच्या मडगार्डला टेकून जमिनीवर बसले होते, हातात काही नव्हतं. मी बोलून टाकलं, उभ्या उभ्या.

"भाऊजी, ह्यांनी मला त्या सकाळीच सांगितलं होतं. अंगणात गाडी मागे-पुढे करून बघितली तेव्हाच. 'पेडल जरा खाली जातंय,' म्हणाले. 'अनंतला बोलू नको, तो पुन्हा सगळं खोलत बसेल आणि त्याचं जहाज चुकेल.'"

त्यांनी मान वर केली.

"आणि मी बोलले नाही. पण तुमच्या जहाजासाठी नव्हे. दोन महिने झाले होते. मला माझं घर परत हवं होतं. तुम्ही जायला हवे होतात, म्हणून मी गप्प बसले. एवढी वर्षं तुम्ही स्वतःला खात होतात, ते मला दिसत होतं… तरी गप्प बसले."

मला वाटलं होतं ते ओरडतील. निदान उठून जातील. त्यांनी रंगाचा एक रिकामा डबा माझ्याकडे सरकवला. "बसा, वहिनी." मी बसले. बराच वेळ ते बोटांनी फरशीवरची पुट्टी खरवडत होते.

"दादाने मलाही सांगितलं होतं," ते म्हणाले. "संगमेश्वरला, फलाटावर. येताना दोनदा पेडल खाली गेलं होतं. गाडी यायला वीस मिनिटं होती. पाने, पक्कड सगळं डिकीत होतं. मी म्हटलं, थांब, बघतो. तर म्हणाला, 'कपडे खराब करू नको, गाडी चुकेल तुझी. मी हळू जातो.' आणि म्हणाला, 'सुनंदाला कळवू नको हां, घाबरेल ती.'" त्यांनी पुट्टी खरवडणं थांबवलं. मग म्हणाले, "मी चढलो, वहिनी. खिडकीतून हातसुद्धा केला."

त्या गॅरेजात आम्ही दोन म्हातारी माणसं बसून होतो. सव्वीस वर्षं ताटाला ताट लावून जेवलेली, आणि एकाच माणसाने दोघांच्याही तोंडावर बोट ठेवून दिलेलं. माझ्या लग्नाच्या इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा ह्यांचा राग आला. भाऊजींना ते कळलं असावं. ते हळूच म्हणाले, "त्याला सगळ्यांना खूश ठेवायचं असायचं." ह्यांची बाजू त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ठोके पुन्हा सुरू झाले आणि मी रेडिओ लावला नाही. मी गॅरेजात जाऊन बसू लागले. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून पत्रा कसा घासायचा, ते त्यांनी मला दाखवलं. माझी बोटं सोलवटली. आम्ही फारसं बोलत नसू. कधी कधी मात्र पाठीमागे तिसरं कुणीतरी उभं आहे असं वाटून आम्ही दोघेही एकदमच दाराकडे बघायचो, आणि मग आपापल्या कामाला लागायचो. रंग कुठला द्यायचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होता तोच. सुटे भाग इंग्लंडहून पार्सलने आले. वॉशर चारही नवे, आणि ते बसवताना भाऊजींनी मला समोर उभं करून मोठ्याने मोजायला लावले.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी गाडी बाहेर काढली. मी शेजारच्या आसनावर बसले, त्या गाडीत आयुष्यात पहिल्यांदा. निवळीचा घाट उतरून बावनदीचा पूल ओलांडला, पलीकडचा चढ चढून वर गेलो आणि तिथून वळून परत खाली आलो, जसे हे आले असतील तसे. उताराच्या वळणावर भाऊजींनी ब्रेक दाबला. गाडी मुकाट्याने थांबली. रस्ता आता रुंद झालाय, कठडा वेगळा आहे, ती जागा नेमकी कुठली हेही ओळखू येत नाही. ते उतरले आणि कडेच्या दगडावर बसले. घाम फुटला होता. मी पाणी दिलं.

"मला वाटलं होतं, गाडी उभी राहिली की थांबेल," ते म्हणाले.

"काय?"

"पायाखालचं पेडल. अजून जातंय, वहिनी."

माझं तरी कुठे थांबलं होतं. मी म्हटलं, "चला, ऊन चढेल." आम्ही परत आलो, सावकाश, मागच्यांचे हॉर्न खात. त्यानंतर जेमतेम दोन महिने ते होते. वाईट दिवस नव्हते ते. आंबे उतरले, त्यांनी स्वतः पेंढ्यात घातले. ह्यांच्याविषयी आम्ही बोलू लागलो होतो, नाव घेऊन, त्यांच्या खोड्या आठवून. एकदा तर भाऊजी हसता हसता खोकले.

त्यांना निरोप द्यायला मी वेळेवर पोहोचले. त्यांचं दिवसकार्य झाल्यावर मुग्धाला मी सगळं सांगितलं. तिचा बाप, तिचा काका आणि मी… तिघांचंही. ती पुण्याला नोकरी करते, तिला परत जायचं होतं; तिने जाणं पुढे ढकललं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "ती गाडी सुरू कशी करायची, दाखव." मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी दाखवलं. जाताना म्हणाली, "आई, हे लिही. नाहीतर तू पण तशीच जाशील."

बॅटरी उतरू नये म्हणून मी आता दर रविवारी सकाळी गॅरेज उघडते, गाडी जागच्या जागी दहा मिनिटं चालू ठेवते आणि बंद करते. बंद केल्यावर तापलेलं इंजिन गार होताना आत कुठेतरी टिक टिक वाजत राहतं. आधी भरभर, मग सावकाश, मग खूप अंतराने. मी डब्यावर बसून ऐकते. बराच वेळ काहीच वाजत नाही. संपलं, असं वाटून मी गुडघ्यांवर हात टेकून उठते, दारापर्यंत येते… आणि पाठीमागे आणखी एक टिक होते. मी परत येऊन बसते.