गाठीचा माणूस

वीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढल्यावर सुपडूच्या कानांनी राजीनामा दिला, आणि मग सुपडूनेही दिला. पर्वत पाटिया भागात पंडितचं शोभेचे मासे आणि काचेच्या टाक्या विकायचं दुकान होतं, तिथे तो कामाला लागला. मासे बोलत नाहीत, म्हणून ऐकू न येणाऱ्याचं काही अडत नाही, असं तो स्वतःच हसून सांगायचा. घरोघर जाऊन टाक्या धुवायच्या, पाणी बदलायचं, काचांच्या सांध्यांवरचं हिरवं शेवाळ मऊ चिंधीने पुसायचं, हे त्याचं काम. टाक्या जोडायचं काम पंडितचा पुतण्या करायचा.

पहिल्या पगारातून त्याने एक छोटी टाकी घेतली आणि सुकदेवआप्पाच्या खोलीवर नेऊन ठेवली. आप्पा त्याचा लूमवरचा गुरू. अमळनेरकडून आलेल्या अडाणी पोराला ताण्याचा, म्हणजे उभा, तुटलेला धागा जोडायला त्यानेच शिकवलं होतं. गाठ अशी मारायची की कापडात सापडता कामा नये. आप्पा तयार कापडावरून एक बोट फिरवायचा. गाठ लागली की बोट तिथे थांबायचं, बस. पण त्या थांबलेल्या बोटाची सुपडूला शेठच्या शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटायची.

आता आप्पाची उजवी बाजू लुळी पडली होती. जीभ जड झाली होती. दिवसभर खाटेवर पडून तो टाकीतल्या एकुलत्या एक सोनेरी माशाकडे बघत बसायचा. आप्पाची बायको उषावहिनी म्हणायच्या, मासा आल्यापासून हा माणूस रडायचा थांबला.

त्याच वहिनींनी शहाण्णव सालच्या दिवाळीच्या साफसफाईत टाकीलाही सोडलं नाही. भांडी घासायच्या तारेच्या घासणीने चारही कोपरे चकचकीत केले. बिचारीला काय ठाऊक, काचांमधली ती रबरासारखी सिलिकॉनची पट्टी म्हणजेच टाकीचा जीव. पट्टीची कड उचकटली आणि भाऊबीजेला पाणी झिरपायला लागलं. खोली माळ्यावर, खाली घरमालकाच्या साड्यांचे गठ्ठे.

सुपडू धावत आला. कोपऱ्यातली गळकी जागा शोधली, पुसली, दुकानातली सिलिकॉनची नळी आणून तेवढ्याच जागी बोटभर थापलं आणि बोटाने सफाईदार गुळगुळीत केलं. धागा तुटला तिथेच गाठ मारायची, सगळा ताणा कोण बदलतो? स्वतःच्या हातावर तो इतका खूश झाला की वहिनींचा चहा दोनदा घेतला.

चौथ्या दिवशी पाणी पुन्हा खाली गेलं. एका गठ्ठ्यावरच्या साड्या भिजल्या. घरमालक जिना चढून आला आणि सुपडूच्या कानाशी ओरडला, "सुपडूभाई, हवे एक टीपुं पडशे, तो टांकी रस्ता पर!" एक थेंब पडला तरी टाकी रस्त्यावर. आप्पाने मान भिंतीकडे वळवली ती वळवलीच. सुपडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंडितने त्याला फाडून खाल्लं. "अरे, जुन्या सिलिकॉनला नवं धरत नाही! आतली सगळी पट्टी काप. चारी कोपरे, तळ, सगळं. गाठ मारायला तो काय धागा आहे?"

सुपडूने पाणी उपसलं, मासा बादलीत घालून आप्पाच्या उशाशी ठेवला आणि पात्याने आतली पट्टी सोलायला घेतली. स्वतः मोठ्या दिमाखात लावलेलं ठिगळ नखाने ओढताच सालीसारखं अख्खं निघून आलं. काच स्पिरिटने तीनदा पुसली, सांध्याच्या दोन्हीकडे चिकटपट्टी लावली आणि एकेका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत एका दमात सिलिकॉन ओढलं. हात मध्येच थांबू दिला नाही. खोलीभर व्हिनेगरसारखा आंबूस वास पसरला. वहिनी नाकावरचा पदर बाजूला करून त्याच्या कानाशी म्हणाल्या, "भाऊ, आते तरी टिकी ना?"

"सांगता येत नही, वहिनी," तो म्हणाला. स्वतःच्या कामाबद्दल असं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं असेल.

आठ दिवस टाकी वाळत ठेवली. रोज सकाळी तो यायचा, बादलीतलं अर्धं पाणी बदलायचा, आप्पाकडे बघायचं टाळायचा आणि जायचा. नवव्या दिवशी टाकीखाली वर्तमानपत्र अंथरून त्याने पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कोरडा होता. तरी मासा सोडायचा त्याला धीर होईना.

तेवढ्यात आप्पाने डावा हात हलवला. वहिनींनी त्याला टेकवून बसवलं, खाट टाकीजवळ सरकवली. आप्पाने हात पाण्यात घातला आणि एक बोट कोपऱ्याच्या वरच्या टोकाला टेकवलं. "गाठ?" त्याने जड जिभेने विचारलं. सुपडूला ऐकू आलं नाही, पण ओठ कळले.

"गाठ नही शे, आप्पा," सुपडू म्हणाला. "आख्खी पट्टी नवी शे."

बोट खाली सरकलं. तळाच्या कडेने गेलं, दुसऱ्या कोपऱ्यात चढलं, पुन्हा उतरलं. सुपडू बोटामागे डोळे फिरवत उभा होता; जिथे हे बोट थांबेल तिथे तोही संपणार होता. चारी कोपरे झाले. बोट कुठेच थांबलं नाही.

आप्पाने हात बाहेर काढला आणि वाकड्या ओठांनी बादलीकडे खूण केली.

"सोड," तो म्हणाला.

सुपडूने मासा ओंजळीत घेतला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने ते तसेच वाहू दिले.