अर्धी बादली सहकार

आमच्या गल्लीत त्यांना सगळे चेअरमनसाहेबच म्हणतात. सोसायटी बुडून जमाना झाला, पण खुर्ची गेल्याचं त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. कुंपणापलीकडे त्यांचा पॅशन फ्रूटचा वेल, अलीकडे आमचा. दुष्काळात टँकर आठवड्यातून एकदा यायला लागला, तेव्हा मी आमचा वेल उपटायला घेतला. ते धावतच आले.

"उपटू नका, सर! वेलाला दुसऱ्या वेलाचा पराग लागतो. एकट्यानं फळ धरत न्हाई. ह्यालाच सहकार म्हणतेत!"

त्या दिवसापासून रोज सकाळी ते स्वतः आमच्या वेलाला अर्धी बादली पाणी घालू लागले. मला भरून आलं. भुंगे तर दुष्काळात फिरकेनासेच झाले होते. म्हणून दुपारी फुलं उमलली, की ते स्टुलावर चढायचे, मऊ ब्रशनं आमच्या फुलांतला पराग उचलायचे आणि स्वतःच्या फुलांना लावायचे. ब्रश उलट कधी आला नाही.

पुढं त्यांचा वेल फळांनी लगडला. आमच्याकडे नुसता पाला. ते कुंपणाशी उभे राहून बराच वेळ हळहळले.

"तुमच्या वेलाला फळ काहून धरंना, सर? पाणी तर मीच घालतो की!"