पोचेपर्यंतचा केर

घरातलं कुणी प्रवासाला निघालं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत बायको घर झाडत नसे. मी पुण्याला गेलो, तर एसटी पोचली असेल असा अंदाज बांधून मगच ती केरसुणीला हात लावायची. मी तिची भरपूर थट्टा केली आहे. "इथं जवळ सायखेड्याला गेलो तर अर्धंच घर झाडतेस का?" असंही विचारून झालं होतं.

एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. मुलीच्या बाळंतपणासाठी ती टोरांटोला निघाली. एकटी, आणि पहिल्यांदाच विमानात. आदल्या दिवशी तिनं मुलीच्या शाळेतल्या जुन्या नकाशावर हात ठेवून अंतर मोजलं. "वीतभर तर आहे," म्हणाली. मी ओझरच्या विमान कारखान्यात हिशेब विभागात होतो. विमानात कधी बसलो नव्हतो, पण याला विमानातलं सगळं कळतं असं आमच्या कॉलनीनं ठरवून टाकलं होतं आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही.

पहाटे तिला मुंबईच्या विमानतळावर सोडून मी एसटीनं नाशिकला परतलो. दुपारी कामाच्या मावशी आल्या आणि त्यांनी केरसुणी उचलली.

"राहू द्या," माझ्या तोंडून निघून गेलं. मग सारवासारव केली, "ती दुपारी पोचतेय, तिकिटावर लिहिलंय. संध्याकाळी झाडा."

"येवढ्या लांब जायला येवढाच येळ?"

"विमान आहे ते मावशी, एसटी नव्हे."

पोचल्याचा फोन शेजारच्या मास्तरांकडे येणार होता. संध्याकाळ झाली तरी फोन नाही. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना परत पाठवलं. शेवटी मास्तरांना तिकिटावरची वेळ सांगितली, तर ते पोट धरून हसले.

"अहो, ती दुपार तिथली! तिथं आत्ता कुठे सकाळ झालीय. वहिनी अजून समुद्रावर असतील."

हायसं वाटलं खरं, पण समुद्रावर म्हटल्यावर मला जेवण गेलं नाही.

सकाळी मावशी पुन्हा आल्या. "दादा, लय धूळ झालीय," म्हणत होत्या, तेवढ्यात मास्तरांची हाक आली. मी अनवाणीच धावलो.

"पोचले. रात्री तुमच्याकडे सगळ्यांना उठवायला नको म्हणून थांबले," बायको म्हणाली. "नकाशात वीतभर होतं हो. संपता संपेना." मग नेहमीच्या सुरात, "घर कालच झाडून घेतलं असेल ना?"

"नाही," मी म्हणालो. "तू पोचायची होतीस."

लाइन गेली असं वाटून मी हॅलो हॅलो करत ओरडत राहिलो. मग तिचा आवाज आला.

"सांगा आता मावशींना, झाडा म्हणावं."