सेलवरचा तानपुरा

संधिवातानं आईची बोटं आखडली, तानपुरा सुटला आणि तिनं गाणंच बंद केलं. इतवाऱ्याच्या बाजारात ट्रान्झिस्टर दुरुस्त करणाऱ्या एक बाई तेव्हा सेलवर चालणारा तानपुरा बनवत होत्या. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, आत वायरींचं जंजाळ. बाई बोलताना पेचकस कानामागे खोचायच्या, ऐकताना डोळे मिटायच्या.

मी आईला तिथे नेलं. बाईंनी बटण दाबलं, पण आईनं तोंड फिरवलं. "हा तर भोंगा आहे."

"बरोबर बोलल्या, माय," बाई हसून म्हणाल्या. "तार थरथरते ना, ते यात अजून नाही आलं. तुम्ही गा थोडं, मी लावून बघते."

"मी नाही मशीनच्या मागं गात."

"तुम्ही कशाला? त्यालाच तुमच्या मागं चालायचंय."

आईनं तोंड पुन्हा पेटीकडे वळवलं. मग तिनं हलकेच सा लावला. बाई डोळे मिटून आतला स्क्रू जरा जरा फिरवत राहिल्या. पेटीचा सूर आईच्या सुराला येऊन टेकला आणि थरथरू लागला.

बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. परतताना टांग्यात आईनं बाईंनी दिलेली पेटी मांडीवर घेऊन सुरू केली आणि ती भूप आळवायला लागली. टांगेवाल्यानं न सांगता घोड्याची चाल हळू केली.